निर्गुडीच्या पानांचा अर्क वेदना आणि सूज खरोखर कमी करतो का, हे तपासायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: फार्माकॉलॉजीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी निर्गुडीच्या पानांच्या अर्काचा वेदनाशामक आणि सूज उतरवणारा गुण तपासायचा आहे. इथेनॉलमध्ये मॅसरेशन करून, म्हणजे पाने भिजत ठेवून, अर्क काढायचा आणि २०० व ४०० मिग्रॅ/किग्रॅ मात्रेत हॉट प्लेट (तापलेला पत्रा), अॅसिटिक अॅसिड राइदिंग (पोटात आम्ल टोचल्यावरचे आळोखेपिळोखे) आणि कॅरेजिनन सूज (पंजात मुद्दाम आणलेली सूज) या तीन चाचण्या करायच्या, प्रत्येक गटात सहा प्राणी, असे ठरले आहे. मात्रा आणि संख्या योग्य आहेत का? निकाल कसे वाचायचे? प्राण्यांवरच्या प्रयोगाची मंजुरी लांबली तर अल्ब्युमिन डिनॅच्युरेशनवर (परीक्षानळीत प्रथिन गरम करून केलेल्या चाचणीवर) भागेल का?

उत्तर:

तुमचा आराखडा चुकीचा नाही, शेकडो प्रबंध याच आराखड्यावर झालेत. माझी हरकत वेगळी आहे. या आराखड्यात अर्काला नापास होण्याची फारशी संधीच नाही. राइदिंग चाचणीत वेदनाशामक नसलेली कितीतरी द्रव्येही पास होतात. हॉट प्लेटवर प्राण्याला नुसती गुंगी आली तरी आकडे चांगले येतात. ४०० मिग्रॅ/किग्रॅ इतक्या मोठ्या मात्रेत बहुतेक पानांचे अर्क काहीतरी परिणाम दाखवतातच. त्यात मोजणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे माहीत असेल तर निकाल प्रयोगाआधीच लिहून ठेवल्यासारखे होते. म्हणून पुढे जे सांगतो आहे, त्यातला बराच भाग चाचणी करण्यापेक्षा चाचणीतून निघणारे दुसरे अर्थ खोडून काढण्याचा आहे.

सुरुवात पानांपासून. ‘निर्गुडी’ म्हणून जे हातात येते ते व्हायटेक्स नेगुंडोच आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तपासून घ्या आणि फांदीचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात) क्रमांकासह जमा करा. व्हायटेक्स ट्रायफोलिया ही तिची जवळची बहीण. दोघींचाही उपयोग जवळपास सारखाच सांगितला जातो, त्यामुळे वाळलेली पाने विकत घेतली तर सरमिसळ सहज होते. पूड झाल्यावर ती ओळखणे अवघडच. पाने स्वतः तोडा, फुलोऱ्याच्या आधीची की नंतरची, कोवळी की पक्व, महिना कोणता, हे सगळे लिहून ठेवा. श्रीलंकेतल्या एका गटाने २००३ मध्ये या झाडाच्या वेदनाशामक गुणावर काम प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी मुद्दाम पक्व, ताजी पाने आणि पाण्यातला अर्क घेतला होता. तुमचा वाळलेल्या पानांचा इथेनॉल अर्क ही रासायनिकदृष्ट्या वेगळी वस्तू आहे. चर्चेच्या प्रकरणात दोघांची तुलना करताना हे विसरू नका.

इथे एक गोष्ट बहुतेक प्रबंधांत नजरेआड होते. निर्गुडीचा पारंपरिक वापर मुख्यतः बाहेरून होतो: पाला गरम करून सांध्यावर बांधणे, पाला टाकून उकळलेल्या पाण्याची वाफ, तेल. यात नुसत्या उष्णतेचा वाटा मोठा असतो आणि पानांतल्या सुगंधी तेलाचाही असू शकतो. तुम्ही पाने वाळवणार, पुढे रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली फिरवत वाफ काढणारे यंत्र) द्रावक, म्हणजे इथेनॉल, उडवणार. त्यात ते तेल बऱ्याच अंशी निघून जाणार. मग उरलेला अर्क नळीने पोटात देणार. यात गैर काही नाही, पण प्रस्तावनेत ‘पारंपरिक उपयोगाची शास्त्रीय पडताळणी’ असे लिहायचे असेल तर ते वाक्य खरे ठरत नाही. एकतर वाक्य बदला, नाहीतर अर्काचे जेल करून त्वचेवर लावण्याचा एक गट ठेवा. त्या गटाला कंट्रोल (तुलनेचा गट) म्हणून अर्क नसलेले तेच जेल हवे. चोळण्यानेसुद्धा फरक पडतो, त्यामुळे ते तितक्याच वेळा आणि तितकेच चोळलेले हवे.

वाळवणे सावलीत, पातळ थरात. भरड पूड करा, फार बारीक केली तर गाळताना जीव मेटाकुटीला येतो. ७० टक्के इथेनॉल चांगला पर्याय आहे, ध्रुवीय ग्लायकोसाइड आणि मध्यम ध्रुवतेची फ्लॅव्होनॉइड दोन्ही त्यात उतरतात. द्रावक कमी दाबाखाली, ४० ते ५० अंशांच्या आत उडवा. मिळालेल्या अर्काचे वजन वाळलेल्या पुडीच्या टक्केवारीत लिहा. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पुढे मात्रेचा हिशेब करताना याच्याशिवाय चालत नाही.

‘फ्लॅव्होनॉइड आहेत, टॅनिन आहेत, सॅपोनिन आहेत’ अशी अधिक-उण्याच्या खुणांची सारणी हा माझ्या मते कागदाचा अपव्यय आहे. जवळजवळ प्रत्येक हिरव्या पानात हे सगळे सापडते. त्याऐवजी एका मार्करचे (ओळख पटवणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्रांनी काढा. निर्गुडीच्या पानांसाठी अॅग्नुसाइड आणि नेगुंडोसाइड हे इरिडॉइड ग्लायकोसाइड किंवा कॅस्टिसिन हे फ्लॅव्होनॉल यांपैकी एक चालेल. हे मार्कर म्हणजेच गुणकारी द्रव्य असे नाही. उपयोग एवढाच की पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी अर्क केला तर तो तुमच्यासारखाच आहे का हे सांगता येईल. एकाच वेळी सगळ्या चाचण्यांना पुरेल इतका अर्क करा, लहान बाटल्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा आणि थोडा राखून ठेवा. मध्येच अर्क संपून दुसरी खेप करावी लागली तर दोन चाचण्यांचे निकाल जोडता येत नाहीत.

आता मात्रा. २०० आणि ४०० हे आकडे आले कुठून? बहुतेकांचे उत्तर असते, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, विषारीपणा तपासण्याच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे २००० मिग्रॅ/किग्रॅपर्यंत मृत्यू नाही, म्हणून त्याचा दहावा आणि पाचवा हिस्सा. हा प्रघात आहे, त्यामागे औषधशास्त्र नाही. २००० ला प्राणी मेला नाही यावरून कोणत्या मात्रेला वेदना कमी होईल हे कळत नाही. ४२३ मध्ये एका टप्प्याला एकाच लिंगाचे तीन प्राणी, बहुधा माद्या, घेतात आणि १४ दिवस निरीक्षण करतात. ती चाचणी कराच, पण ‘मेला की नाही’ एवढेच बघू नका. पहिल्या काही तासांत प्राणी सुस्त पडतो का, चाल बदलते का, पापण्या मिटतात का हे नीट नोंदवा. वेदनेच्या चाचणीचा अर्थ लावताना हीच नोंद कामी येते.

मात्रा माणसात किती होते हे एकदा करून बघा. शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेल्या रूपांतरात रॅटसाठी (मोठा उंदीर) गुणक ६, माऊससाठी (लहान उंदीर) ३ आणि प्रौढ माणसासाठी ३७ धरतात. रॅटमधली ४०० मिग्रॅ/किग्रॅ म्हणजे ४०० गुणिले ६ भागिले ३७, साधारण ६५ मिग्रॅ/किग्रॅ. ६० किलोच्या माणसाला हे होते जवळपास ३.९ ग्रॅम अर्क. समजा अर्काचा उतारा १० टक्के असेल, तर ३९ ग्रॅम वाळलेली पाने, तीही एका वेळेला. अशक्य नाही, पण औषध म्हणून अवघड आहे. माझा सल्ला असा की तीन मात्रा घ्या, ५०, १५० आणि ४५०. तिपटीच्या अंतराने गेल्यावर मात्रा वाढली की परिणाम वाढतो का हे स्पष्ट दिसते. २०० आणि ४०० मध्ये दुपटीचेच अंतर आहे. प्राण्या-प्राण्यांतल्या फरकात ते विरून जाते आणि मग ‘मात्रेनुसार परिणाम’ हा दावा दोन ठिपक्यांवर उभा राहतो.

अर्क तोंडावाटेच द्या. पोटाच्या पोकळीत टोचलेला कच्चा अर्क स्वतःच दाह करतो आणि शरीरात एका जागी दाह पेटला की दुसऱ्या जागची सूज दबते, ही फार जुनी नोंद आहे. पोकळीत अर्क आणि पंजात कॅरेजिनन असे केले तर तुम्ही अर्काचा गुण मोजता आहात की त्याचा त्रास, हे सांगता येणार नाही. अर्क कालवण्यासाठी ०.५ टक्के सोडियम सीएमसी (पाणी दाटसर करणारा सेल्युलोजचा पदार्थ) पुरते. डीएमएसओ हा द्रावक टाळा, त्याला स्वतःचाच सूज आणि वेदना कमी करणारा परिणाम आहे. ज्यात अर्क कालवला तेच व्हेइकल, तितक्याच आकारमानात, कंट्रोल गटाला मिळाले पाहिजे. नुसते सलाइन दिलेला कंट्रोल चालत नाही.

कॅरेजिनन चाचणीवर जरा थांबतो, कारण तिन्हींत सर्वांत जास्त माहिती हीच देते आणि तीच सर्वांत निष्काळजीपणे वाचली जाते. विंटर, रिझली आणि नस यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच वापरली जाते: रॅटच्या मागच्या पंजाच्या तळव्यात १ टक्का कॅरेजिननचे ०.१ मिली, आणि प्लेथिस्मोमीटरवर (द्रवात बुडवलेल्या पंजाचे आकारमान मोजणारे यंत्र) ठरावीक तासांनी पंजाचे आकारमान. कॅरेजिनन लाल समुद्रशैवालापासून मिळते. त्यातला लॅम्डा प्रकार घ्या, कॅपा प्रकार घट्ट जेल होतो. सलाइनमध्ये नीट फुगू द्या, गुठळ्या राहिल्या तर प्रत्येक पंजात वेगळी मात्रा जाते. घोट्याजवळ न पुसणाऱ्या शाईने रेघ ओढा आणि प्रत्येक वेळी पंजा तिथपर्यंतच बुडवा. रेघ दोन मिलिमीटर वर-खाली झाली तरी तुमचा निम्मा ‘परिणाम’ तिथेच तयार होतो किंवा पुसला जातो. दर वेळी दोनदा मोजून सरासरी घ्या. उपाशी ठेवलेल्या रॅटमध्ये पाणी कमी पडले की सूजही कमी येते, त्यामुळे सगळ्यांना सारखेच पाणी मिळेल हे बघा.

ही सूज एका दमात येत नाही. सूज आणणाऱ्या शरीरातल्याच द्रव्यांपैकी पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा जोर असतो, मग ब्रॅडिकायनिनचा, आणि साधारण अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिनचा. पंजात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीही याच काळात जमतात. डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन या सूज उतरवणाऱ्या औषधांचा खरा परिणाम तिसऱ्या-चौथ्या तासाला दिसतो, कारण ती प्रोस्टाग्लँडिन बनवणारे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अडवतात. अॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले, त्याच कामाबद्दल १९८२ चे नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळाले. तेव्हा तुमचा अर्क पहिल्या तासातच सूज दाबत असेल आणि चौथ्या तासाला फिका पडत असेल, तर ‘डायक्लोफेनॅकसारखे काम करतो’ हे लिहिता येत नाही. हिस्टामिन-सेरोटोनिनच्या बाजूने विचार करावा लागतो, किंवा अर्काचा असर लवकर ओसरतो असे तरी म्हणावे लागते. उलट पहिले दोन तास काही नाही आणि तिसऱ्या तासापासून सूज कमी, तर प्रोस्टाग्लँडिनचा अंदाज बळकट होतो. मात्र तो अंदाजच. हळू शोषला जाणारा अर्कही असाच आलेख देतो. दोघांत फरक करायचा असेल तर अर्क एक तास आधीऐवजी तीन तास आधी देऊन एक छोटा गट करून बघा. हे फार कमी लोक करतात आणि परीक्षकाला नेमके हेच आवडते.

कॅरेजिनन ही तीव्र, काही तासांची सूज आहे. त्यावरून ‘संधिवातावर उपयुक्त’ असे लिहू नका. त्यासाठी सात दिवसांची कॉटन पेलेट ग्रॅन्युलोमा (कातडीखाली कापसाची गोळी ठेवून) किंवा फ्रॉइंड अॅडज्युव्हंटची (दीर्घकाळ दाह पेटवणारे मिश्रण टोचून) तीन-चार आठवड्यांची चाचणी असते. अॅडज्युव्हंटची चाचणी प्राण्याला फार त्रासदायक आहे. पदव्युत्तर प्रबंधाला ती मागू नये असे माझे मत.

राइदिंग. १९५० च्या दशकाच्या शेवटी रूढ झालेली ही चाचणी स्वस्त, सोपी आणि संवेदनशील आहे, म्हणूनच ती सगळीकडे दिसते. माऊसच्या पोटाच्या पोकळीत ०.६ ते १ टक्का अॅसिटिक अॅसिड, १० मिली/किग्रॅ, म्हणजे २५ ग्रॅमच्या माऊसला ०.२५ मिली. पाच मिनिटे सोडून पुढच्या दहा ते वीस मिनिटांतले पोटाचे आळोखेपिळोखे मोजायचे. अडचण अशी की अँटिहिस्टामिन, स्नायू शिथिल करणारी द्रव्ये, गुंगी आणणारी द्रव्ये, या सगळ्यांनी राइदिंग कमी होते. चाळणी म्हणून ही चाचणी ठेवा: इथे काहीच परिणाम नसेल तर पुढे जाण्यात अर्थ कमी. पण इथे ६० टक्के घट आली म्हणून ‘वेदनाशामक’ हा शब्द वापरायला परवानगी मिळत नाही.

निर्गुडीच्या बाबतीत तर ही शंका विशेष खरी आहे. तिच्या पानांच्या अर्काने माइसमध्ये पेंटोबार्बिटोनची झोप लांबते असे नोंदलेले आहे. म्हणजे अर्कात मज्जासंस्था मंदावणारे काहीतरी असण्याची शक्यता आधीच माहीत आहे. त्यामुळे रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल राखणे) आणि अॅक्टोफोटोमीटर (हालचालीची मोजणी) या दोन चाचण्या तुमच्या यादीत नाहीत, त्या घालायलाच हव्यात. तीन मात्रांपैकी ज्या मात्रेला माऊस फिरत्या दांड्यावरून पडतो किंवा त्याची हालचाल स्पष्ट घटते, त्या मात्रेचा राइदिंगचा आणि हॉट प्लेटचा निकाल वेदनेबद्दल काहीच सांगत नाही. तो निकाल प्रबंधात ठेवा, पण तसे स्पष्ट लिहून. १५० ला चाल ठीक असेल आणि तरीही वेदना कमी दिसत असेल तर तुमच्या हाती खरी गोष्ट लागली.

हॉट प्लेटबद्दल माझे मत कडक आहे. ५५ अंशांच्या पत्र्यावर माऊस पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचा वेळ, ऊतक भाजू नये म्हणून १५ सेकंदांची मर्यादा. ही चाचणी ओपिऑइडसाठी (मॉर्फिनच्या जातीच्या औषधांसाठी) उत्तम आहे. डायक्लोफेनॅकसारखी औषधे हिच्यात बहुधा फिकीच पडतात, कारण इथे दाह नाही, नुसता उष्णतेला दिलेला प्रतिसाद आहे. तरी हॉट प्लेटला स्टँडर्ड (तुलनेसाठीचे माहीत असलेले औषध) म्हणून डायक्लोफेनॅक वापरलेले प्रबंध मी वाचतो. स्टँडर्ड चालला नाही तर चाचणी चुकली की औषध चुकीचे निवडले, हे कळायचे कसे? मॉर्फिन मिळवणे परवान्यांमुळे अवघड असेल तर पेंटाझोसिन किंवा ट्रामाडॉल घ्या, त्यांनाही नियम आहेत, ते आधी बघा. एकाच माऊसला दर अर्ध्या तासाने पत्र्यावर ठेवले की तो शिकतो, ठेवताच उडी मारतो आणि वेळ आपोआप कमी होतो. मोजणी कमीत कमी वेळा करा. आकडे नुसत्या सेकंदांत न देता जास्तीत जास्त शक्य परिणामाच्या टक्केवारीत द्या: चाचणीच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करा, त्याला मर्यादेतून सुरुवातीची वेळ वजा करून आलेल्या आकड्याने भागा, गुणिले १००.

खरे तर एकच बदल करायचा असेल तर हॉट प्लेट काढून तिच्या जागी फॉर्मॅलिन चाचणी घाला. डुबिसाँ आणि डेनिस यांनी १९७७ मध्ये ती रॅट आणि मांजरांवर मांडली, पुढे हुन्सकार आणि होले यांनी १९८७ मध्ये माऊसमधले दोन टप्पे वेगळे करून दाखवले. पंजात २० मायक्रोलिटर सौम्य फॉर्मॅलिन टोचले की पहिली पाच मिनिटे माऊस पंजा चाटतो. ती वेदना मज्जातंतूंच्या थेट चेतवण्याची. मग तो जवळपास शांत होतो. साधारण पंधराव्या मिनिटापासून पुन्हा सुरुवात होते आणि तिसाव्या मिनिटापर्यंत चालते. या दुसऱ्या टप्प्यात दाह आणि मेरुरज्जूतली वाढलेली संवेदनशीलता दोन्ही असतात. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबते, दाहविरोधी औषधे मुख्यतः दुसरा. म्हणजे एकाच प्राण्यात, एकाच अर्ध्या तासात तुम्हाला दोन वेगवेगळी उत्तरे मिळतात, आणि फक्त दुसरा टप्पा दबला तर गुंगीची शंकाही बरीच कमी होते, कारण गुंगीने पहिला टप्पाही दबला असता. एक तांत्रिक इशारा: बाजारातले फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड. २.५ टक्के फॉर्मॅलिन म्हणजे ०.९२ टक्के फॉर्माल्डिहाइड. पद्धतीत कोणता आकडा कशाचा आहे हे लिहिले नाही तर दुसरा माणूस जवळपास तिप्पट तीव्र द्रावण टोचून बसेल.

दोन्ही टप्पे दबले तर पुढचा प्रश्न ओपिऑइड मार्गाचा. ओपिऑइडचा परिणाम अडवणारे नॅलोक्झोन आधी देऊन परिणाम जातो का बघा. इथे चार गट लागतात: व्हेइकल, नुसते नॅलोक्झोन, नुसता अर्क, आणि दोन्ही. नुसत्या नॅलोक्झोनचा गट गाळलात तर निष्कर्ष लटकता राहतो.

आता संख्या. गटात सहा हा आकडा केवळ सवयीतून आला आहे. दोन गटांची तुलना, पाच टक्के सार्थता पातळी आणि ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली, तर सहा-सहा प्राण्यांत ओळखू येणारा फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे किती पसरले आहेत याचे माप) जवळपास १.८ पट इतका मोठा असावा लागतो. कॅरेजिननमध्ये मोजणी नेटकी असेल तर असा फरक मिळू शकतो. वर्तनावर अवलंबून असलेल्या राइदिंग आणि फॉर्मॅलिनमध्ये विचलन मोठे असते, तिथे आठ ते दहा लागतील. तुमच्याच प्रयोगशाळेतल्या जुन्या कंट्रोल गटांचे आकडे काढा, त्यांच्या विचलनावरून गणित करा आणि ते गणित नीती समितीच्या अर्जात जोडा. समितीला कमी प्राणी आवडतात हा गैरसमज आहे. उत्तर देऊ न शकणाऱ्या संख्येने केलेला प्रयोग हाच प्राण्यांचा खरा अपव्यय. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्राणीप्रयोगांच्या तत्त्वांतही प्राणी ‘कमी करा’ याचा अर्थ उत्तर मिळेल इतके ठेवून बाकीचे कमी करा असाच आहे.

प्राणी गटांत वाटताना पिंजऱ्यातून हाताला येईल तो आधी असे करू नका. हाताला आधी येतो तो संथ प्राणी. यादृच्छिक क्रमांक वापरा. अर्क देणारा एक, मोजणारा दुसरा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. निर्गुडीचा अर्क गडद हिरवा-तपकिरी, वासाचा असतो, त्यामुळे देणाऱ्यापासून तो लपत नाही. म्हणून मोजणारा वेगळाच हवा. फॉर्मॅलिन आणि राइदिंगचे चित्रीकरण करून ठेवा, फाइलला नुसता क्रमांक द्या, मग दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. आणखी एक, हे वाचून लोक हसतात: माँट्रियलच्या एका गटाने २०१४ मध्ये दाखवले की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट जरी असला, तरी उंदरांमध्ये ताणामुळे वेदनेचा प्रतिसाद कमी होतो. म्हणजे सोमवारी तुम्ही आणि मंगळवारी तुमचा सहकारी असे केले, आणि सोमवारी कंट्रोल, मंगळवारी अर्क असे लावले, तर तुमच्या हाती जो येईल तो सहकाऱ्याचा परिणाम. प्रत्येक दिवशी सगळ्या गटांतले प्राणी असावेत, आणि वेळही दिवसातली तीच.

आकडे मांडताना प्रमाण विचलन द्या. प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता) दिली की पट्टे बारीक दिसतात, एवढाच तिचा फायदा. समजा कंट्रोलची तिसऱ्या तासाची सूज ०.८० मिली आणि अर्काची ०.४८, म्हणजे ४० टक्के घट. त्याच्यापुढे ‘अधिक-उणे ०.०३’ त्रुटी लिहिली आणि गटात सहा प्राणी असतील, तर खरे विचलन सुमारे ०.०७ आहे. वाचकाला दुसरा आकडा हवा असतो. कॅरेजिननमध्ये प्रत्येक तासाला वेगळा अॅनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी) लावू नका, त्याच प्राण्याची पुन्हा पुन्हा मोजणी आहे हे लक्षात घेणारे विश्लेषण करा, किंवा आलेखाखालचे क्षेत्रफळ काढून एकदाच तुलना करा. कोणती तुलना मुख्य हे प्रयोगाआधी वहीत लिहून तारीख टाका. प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत हे सांगणारी, २०२० मध्ये सुधारलेली अराइव्ह मार्गदर्शिका समोर ठेवून पद्धतीचे प्रकरण लिहिले तर यातले बहुतेक मुद्दे आपोआप येतात.

स्टँडर्ड औषधाशी तुलना करताना ‘अर्क डायक्लोफेनॅकइतकाच प्रभावी’ हे वाक्य टाळा. डायक्लोफेनॅकच्या १० मिग्रॅ/किग्रॅच्या शेजारी अर्काचे ४५० मिग्रॅ/किग्रॅ आहे, आणि दोघांत सांख्यिकी फरक न दिसणे म्हणजे दोघे समान असणे नव्हे. स्टँडर्डचे काम चाचणी चालते हे दाखवण्याचे. मात्र एक तुलना उपयोगी आहे: प्रयोग संपल्यावर रॅटचे जठर उघडून अस्तरावर व्रण आहेत का बघा. डायक्लोफेनॅकच्या गटात ते दिसू शकतात. अर्काच्या गटात तितक्याच सूजनाशक परिणामाला व्रण नसतील, तर ती नोंद चाळीस टक्क्यांच्या आकड्यापेक्षा मोलाची ठरू शकते. आणि हे करायला वेगळा प्राणी लागत नाही.

राहिला अल्ब्युमिन डिनॅच्युरेशनचा प्रश्न. नाही, त्यावर भागणार नाही. अंड्यातले किंवा गायीचे अल्ब्युमिन गरम करायचे आणि अर्काने गढूळपणा कमी होतो का बघायचे, याचा सुजेशी असलेला संबंध फार लांबचा आहे. पानांच्या अर्कातली टॅनिन प्रथिनांना चिकटतात, रंग शोषण वाढवतो, त्यामुळे आकडा कोणत्याही बाजूला झुकू शकतो. लाल रक्तपेशींच्या आवरणाची चाचणी थोडी बरी, पण सॅपोनिन असलेला अर्क पेशीच फोडतो. मंजुरी येईपर्यंत काही करायचेच असेल तर मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींवर करा: आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या पेशींना एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातले दाह पेटवणारे द्रव्य) देऊन नायट्रिक ऑक्साइड ग्रीस अभिकारकाने मोजा, जमल्यास माध्यमातले प्रोस्टाग्लँडिन ई२ एलायझाने (प्रतिपिंडांवर आधारलेल्या मोजणीने). सोबत त्याच मात्रांना पेशी जिवंत आहेत का हे एमटीटी या रंग येण्यावरच्या चाचणीने बघा, कारण मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड सोडत नाहीत. एमटीटीतही एक खोच आहे: पॉलिफेनॉल कधीकधी एमटीटीचे थेट क्षपण करतात, त्यामुळे पेशी नसलेल्या खाचांत अर्क आणि एमटीटी टाकून रंग येतो का ते आधी तपासा. अर्काचा स्वतःचा रंग नायट्रिक ऑक्साइडच्या मोजणीतही मिसळतो, तोही पेशींशिवायच्या खाचांतून वजा करा. आणि वनस्पतीच्या अर्कात जीवाणूंचे एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) असू शकते हे ध्यानात ठेवा. एलपीएस न देता नुसता अर्क घातलेल्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड वाढले, तर एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन बी घालून ते उतरते का ते बघा. उतरले तर तो परिणाम निर्गुडीचा नाही, पाने तोडल्यापासून अर्क होईपर्यंत त्यांच्यावर वाढलेल्या जीवाणूंचा आहे, आणि अशा वेळी नवी पाने आणून, नीट धुऊन, लवकर वाळवून अर्क पुन्हा काढणे हाच मार्ग.